भैरूच्या घरचा पेशंट

भैरू शेलारच्या तोंडाला वाशीच्या फळ मार्केटातली त्याची सगळी टोळी वचकून असायची. माणूस वाईट नव्हता. पाटणकडच्या डोंगरातून मिसरूड फुटायच्या वयात तो माथाडी म्हणून इथं आला, पेट्या आणि पाट्या वाहता वाहता पन्नाशी ओलांडली, कोपरखैरण्याला माथाड्यांच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर खोली झाली, मुलगा कुलदीप पुण्याला शिकून तिथंच नुकताच नोकरीला चिकटला. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाचा पैसा बुडवला नाही की कुणावर हात उचलला नाही. फक्त जीभ तेवढी मोकळी सोडलेली होती. नवीन पोरगं पेटी उचलताना कण्हलं तर भैरू विचारायचा, "पाळणा बांधू का तुला?" व्यापारी दिवाळीला कमी बक्षिसी देऊन गेला तर त्याच्या चालण्याची अशी नक्कल करायचा, की बाकीच्यांच्या हातातला चहा सांडायचा.

कुत्री पाळणाऱ्या लोकांवर तर त्याचा खास राग. मोठ्या सोसायट्यांच्या फुटपाथवरून बायका कुत्र्यांना फिरवायला निघालेल्या दिसल्या, की तो रिक्षातून मान बाहेर काढून बघायचा आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याची बातमी द्यायचा. धक्का म्हणजे गाळ्यांसमोरचा उंच ओटा. माल उतरवायचा तिथंच, जेवायचंही तिथंच. "कुत्र्याला स्वेटर," भैरू सांगायचा. "कुत्र्याला डॉक्टर. आपल्याला ताप आला तर आपन गोळी मोडून दोघांत खातो, आन् त्यांच्या कुत्र्याला पोटाचा येगळा, दातांचा येगळा." लोक हसायचे. हसू मिळालं की भैरूला भाकरी गोड लागायची.

आता गंमत अशी, की ह्याच भैरूच्या खोलीत तीन वर्षांपासून एक कुत्रा होता. गाळ्यामागं आंब्याच्या रिकाम्या पेटीतल्या गवतात हे पिवळट पिल्लू भैरूलाच सापडलं होतं. तो ते बनियनमध्ये घालून घरी घेऊन गेला आणि बायकोला, विजयमालाला म्हणाला, "उंदरं लई झाल्यात." नाव ठेवलं हापूस. हापूसनं आजतागायत एकही उंदीर धरला नाही. एक उंदीर तर त्याच्या ताटलीत येऊन भात खायचा आणि हापूस बाजूला सरकून त्याला जागा द्यायचा. पण कुलदीप पुण्याला गेल्यापासून घरात जी पोकळी झाली होती, ती त्या बिनकामाच्या कुत्र्यानं पार भरून काढली होती. भैरू सकाळी काम आटोपून जिन्यात पाय ठेवायचा, तेव्हा वर दारामागं हापूसचं शेपूट कपाटावर आपटायला लागायचं. तो आवाज ऐकला की भैरूच्या पाठीतली कळ निम्मी जायची. धक्क्यावर मात्र तो सांगायचा, "बायकूनं पाळलंय. मी बघत बी न्हाई त्याच्याकडं."

टोळीत रावसाहेब म्हणून एक होता. भैरूच्याच बाजूच्या गावचा, सरळ, कमी बोलणारा गडी. मागल्या साली त्याचा गावाकडचा म्हातारा बैल गेला. फोन आला तेव्हा रावसाहेब कलिंगडाच्या ढिगावर बसला आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला. भैरूला आयतंच घबाड सापडलं. "दहावा कवा हाय? बारशाला न्हाई बोलावलंस, दहाव्याला तरी बोलाव," असं त्यानं महिनाभर चालवलं. रावसाहेब आपला डोक्याचा टॉवेल नीट बांधायचा आणि दुसऱ्या गाडीकडं निघून जायचा.

मे महिना आला आणि मार्केट आंब्यानं भरून गेलं. डागी आंबे टोळीला वाटून मिळायचे. भैरू रोज पिशवी भरून घरी आणायचा, जेवण झालं की दारात पाय पसरून एकेक चोखायचा आणि कोय हापूसकडं टाकायचा. हापूस ती पुढच्या दोन पायांत धरून पार पांढरी होईस्तोवर चाटायचा. ह्या दोघांचा तो रोजचा कार्यक्रम होता आणि विजयमाला म्हणायची, दोघांच्या तोंडाकडं बघून आंबा कुणाला जास्त आवडतो ते कळत नाही.

एका सकाळी भैरू जिना चढला आणि शेपटीचा आवाज आला नाही.

हापूस मोरीच्या तोंडाशी आडवा पडला होता. विजयमाला त्याच्याजवळ फतकल मारून बसलेली. "कालच्यापासनं वकतोय," ती म्हणाली. "पानी पन ठरंना. पोटाला हात लावू देत न्हाई." भैरूनं हाक मारली, तेव्हा कुत्र्यानं डोळे उघडले, शेपूट हलवायचं म्हणून थोडं उचललं आणि तसंच खाली टाकलं. त्यानं अंगावरचे मार्केटचे कपडेसुद्धा बदलले नाहीत. चादरीत गुंडाळून हापूसला उचललं आणि दोघं रिक्षानं सानपाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथं डॉक्टर संघमित्रा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली आणि सरळच सांगितलं, "आतड्यात काहीतरी अडकलंय. बहुतेक आंब्याची कोय. आजच ऑपरेशन करावं लागेल. उद्यापर्यंत थांबलं तर आतडं सडायला लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

भैरूनं विचारलं, "किती?"

"ऑपरेशन, औषधं, तीन दिवस इथं ठेवणं धरून चाळीस हजारांपर्यंत जाईल. निम्मे आत्ता भरा, निम्मे घरी नेताना." मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून त्या हळू म्हणाल्या, "परळला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात कमी खर्चात होतं. पण ह्याची अवस्था बघता तिथवर न्यायला आणि नंबर लागायला वेळ आहे असं मला वाटत नाही. मी तयारी करून ठेवते. तुम्ही दुपारपर्यंत या."

गावच्या घराचा स्लॅब नुकताच टाकला होता आणि भैरूची सगळी शिल्लक त्या सिमेंटात गाडली गेली होती. कुलदीपचा पहिला पगारही अजून झाला नव्हता. विजयमालानं बाहेर येऊन कानाला हात लावला आणि कुड्या काढायला लागली. भैरूनं तिचा हात धरून खाली केला. "तू घरी जा," तो म्हणाला. "मी बघतो. भिशी हाय."

टोळीची भिशी जुनी होती. दर महिन्याला प्रत्येकानं ठरलेली रक्कम मुकादमाकडं द्यायची आणि चिठ्ठीत ज्याची पाळी निघाली असेल त्यानं सगळी उचलायची. पाळी मोडायची नाही, मात्र एका गोष्टीला सूट होती. कुणाच्या घरचं माणूस आजारी पडून दवाखान्यात असेल, तर त्या महिन्याची भिशी त्याला मिळायची आणि त्याची पुढची पाळी ज्याची हुकली त्याला जायची. कागद मागायचा नाही, शब्दावर द्यायची. इतक्या वर्षांत ह्या नियमाचा कुणी गैरफायदा घेतला नव्हता.

भैरू मार्केटात पोचला तेव्हा टोळी धक्क्यावर डबे सोडून बसली होती. त्या महिन्याची भिशी आदल्याच दिवशी गोळा झाली होती आणि पाळी होती रावसाहेबाची. त्याला मोटरसायकल घ्यायची होती, जुनीच, पण त्याच्या दृष्टीनं नवी. गेले आठ दिवस तो तिच्याबद्दल चार शब्द जास्त बोलत होता.

रस्ताभर भैरूनं मनाशी घोकलं होतं, की सरळ सांगायचं. पण त्या डब्यांसमोर, त्या ओळखीच्या तोंडांसमोर उभं राहिल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू यायला लागले. कुत्र्याला डॉक्टर. पोटाचा येगळा, दातांचा येगळा. आणि समोर नेमका रावसाहेब लोणच्याची फोड भाकरीला लावत बसलेला.

"काय रं, गेलावतास न्हवं घरी?" देवजी मुकादमानं विचारलं. देवजी टोळीत सगळ्यात वडील, केस पिकलेला, मोजकं बोलणारा.

"भिशी पायजे हुती," भैरू म्हणाला. "घरी... दवाखान्यात ॲडमिट केलंय. पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. आजच."

सगळ्यांचे घास थांबले. "कोन, वहिनी?" देवजीनं विचारलं.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. भैरूनं मान हलवली. होकारार्थी हलवली.

पुढचं सगळं पटापट झालं, आणि तेच त्याला जास्त जड गेलं. रावसाहेब डबा तसाच ठेवून उठला. हात पँटला पुसत म्हणाला, "मुकादम, द्या त्येला. मोटारसायकल काय पळून चालली न्हाई. वहिनीचं बघ भैरू तू." कुणी दवाखाना कुठला विचारला, भैरूनं सानपाडा म्हणून सांगितलं आणि पैसे खिशात कोंबून तो जवळजवळ पळतच बाहेर पडला. रिक्षात बसल्यावर त्यानं पहिल्यांदा श्वास सोडला. खोटं बोललो हे त्याला कळत होतं, पण चादरीतलं ते पिवळं तोंड डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आधी ते जगू दे, बाकीचं मागनं बघू, असं त्यानं ठरवलं.

ऑपरेशन झालं. भिशीतून आगाऊचे निम्मे पैसे भागले होते. डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्टीलच्या वाडग्यातली कोय भैरूपुढं धरली. अख्खी कोय, काळपट पडलेली. "हीच ती. आतडं वाचलंय. पण अजून सुटका झाली असं म्हणू नका. उद्या संध्याकाळपर्यंत तो स्वतःच्या मनानं पाणी प्यायला पाहिजे. प्यायला आणि ते पोटात टिकलं, की मी निर्धास्त. आणि आंबा कितीही द्या, पण कोय नाही."

"मीच देत हुतो," भैरू म्हणाला. लाडानं दिलेली गोष्ट जनावराच्या जिवावर उठली, ह्याचं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसरा दिवस निम्मा सरला तरी हापूस पाण्याकडं बघेना. भैरूनं कामाला दांडी मारली होती. पिंजऱ्यात निळ्या चादरीवर कुत्रा पडलेला, पोटाला पट्टी, गळ्यात प्लास्टिकचं गोल नरसाळं. वाटी समोर होती. भैरू वाटी हलवायचा, बोट बुडवून त्याच्या नाकाला लावायचा, हापूस डोळे मिटून घ्यायचा. विजयमाला सकाळी येऊन गेली होती. "पैशाचं काय केलंत?" असं तिनं दोनदा विचारलं आणि भैरूनं दोन्ही वेळा, "टोळीनं दिलं," एवढंच सांगून विषय कापला.

पण एक गोष्ट हा शहाणा पार विसरला होता. पाटणकडची माणसं नवी मुंबईत येऊन तीस वर्षं राहिली तरी आजाऱ्याला बघायला गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. लग्न चुकलं तर चालतं, बारसं चुकलं तर चालतं, पण कुणी दवाखान्यात आहे आणि आपण भेटून आलो नाही हे कधी होत नाही. टोळी एक दिवस थांबली ती फक्त ऑपरेशन झालेल्या बाईला त्रास नको म्हणून.

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा भैरू दवाखान्याच्या बाकावर बसला होता. काचेच्या दारातून त्याला रस्त्यावर दोन टेम्पो थांबलेले दिसले. त्यातून टोळी उतरली. टोळीच्या बायका उतरल्या. कुणाच्या हातात बिस्किटांचे पुडे, कुणाकडं मोसंबी, कुणी मऊ भाताचा डबा आणलेला. आणि सगळ्यांच्या पुढं, पदर कमरेला खोचून, हातात शहाळं घेऊन, खुद्द विजयमाला चालत येत होती. तिच्यासाठी आणलेलं शहाळं तिनंच हातात घेतलं होतं.

झालं होतं असं, की बायका आधी खोलीवर गेल्या होत्या. घरी कोण असेल त्याला धीर द्यावा, दोन भाकऱ्या थापून द्याव्यात, असा त्यांचा विचार. रावसाहेबाच्या बायकोनं, उज्वलानं, जिन्यातच डोळ्यांना पदर लावला होता. दार उघडलं ते विजयमालानं, पिठानं भरलेल्या हातांनी. उज्वलाच्या हातातली मोसंबी सुटून जिन्यावरून खाली गेली म्हणे.

विजयमाला सरळ भैरूसमोर येऊन उभी राहिली. "कुठल्या वॉर्डात ठेवलंय मला?" तिनं विचारलं. "पोटाचं ऑपरेशन झालंय म्हनं माझं. म्हटलं, बघून तरी यावं कशी हाय ती."

भैरू उठला. मागं टोळी येऊन उभी राहिली होती, भिंतीवर कुत्र्यामांजरांची चित्रं बघत, एकमेकांकडं बघत. त्या छोट्या खोलीत ती माणसं मावत नव्हती. औषध लिहिणारी मुलगी खुर्चीतून अर्धवट उठली आणि परत बसली.

"हापूसला ॲडमिट केलंय," भैरू म्हणाला. "कुत्र्याला. कोय अडकली हुती." आवाज नेहमीचा येत नव्हता. "वहिनी का म्हनून मुकादमांनी इचारलं आन् मी मान हलवली."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं भैरूला वाटलं.

देवजी मुकादम पुढं आला. "टोळीला खोटं बोललास," तो म्हणाला.

"व्हय."

"का?"

"खरं सांगितलं आसतं तर समदी हसला आसता."

"हसलोच आसतो," देवजी म्हणाला. "पोट धरून हसलो आसतो. आन् हसून झाल्यावर पैसं दिलं आसतं. तुला काय वाटलं, हसनारा मानूस द्यायचा र्‍हातो?"

तीस वर्षं लोकांना हसवणाऱ्या माणसाला हे साधं गणित सुटलं नव्हतं. जो आपल्याला हसतो तो आपल्या विरुद्धच असतो, असं तो धरून चालला होता, कारण तो स्वतः हसायचा तेव्हा समोरच्याला लागतच होतं. त्याची मान खाली गेली ती वर येईना. "पुढच्या म्हैन्यापासनं दुप्पट घालतो," तो पुटपुटला. "रावसाहेबाची पाळी..."

"ते मागनं," देवजी म्हणाला. मग तो विजयमालाकडं वळला. "वहिनी, तुमी सांगा. नेम घरच्या मानसासाठी हाय. हे कुत्रं घरचं हाय का?"

विजयमालाचा राग अजून नाकाच्या शेंड्यावर होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं, शहाळं बाकावर ठेवलं. "भावजी," ती म्हणाली, "कुलदीप गेल्यापास्नं घरात दुसरं हाय कोन? पन त्येच्यापायी मला आजारी पाडायची काय गरज हुती, येवढं इचारा ह्यांना."

आता मात्र मागच्या बाजूनं कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळेच. बायका तर तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. भैरूच्या तोंडावरही कसंनुसं हसू आलं आणि त्या हसण्यात त्याच्या छातीवरचा अख्खा ढीग उतरला. कालपासून पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं.

"चला," देवजी म्हणाला. "आलोय तर पेशंटला बघून जाऊ."

डॉक्टर बाईंनी एका वेळी दोघांनाच आत सोडलं. माणसांच्या दवाखान्यात करतात तसंच सगळ्यांनी केलं. चपला बाहेर काढल्या, आवाज खाली आणला. देवजी पिंजऱ्यापाशी वाकला, "काय रं बाबा," म्हणाला, आणि खिशातून नोट काढून उशी शोधायला लागला. आजाऱ्याला बघायला गेलं की त्याच्या हातावर नाहीतर उशीखाली काहीतरी ठेवून यायचं, ही त्यांची रीत. मोकळ्या हातानं उठायचं नाही. हापूसला उशी नव्हती. देवजीनं नोट निळ्या चादरीच्या कडेखाली सरकवली. पाठोपाठ आलेल्यांनी तेच केलं. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "काका, हे काय करताय? बिल काउंटरवर भरायचं असतं." तिला एकानं समजावलं, "बिल न्हवं पोरी. पेशंटला बघाया आलोय." बायकांनी बिस्किटांचे पुडेही पिंजऱ्याजवळ मांडले. ते भैरूला खावे लागणार होते हे उघड होतं, पण न्यायचे म्हणून आणले होते आणि पेशंटजवळच ठेवायचे होते.

भैरू दाराशी उभा राहून बघत होता. आतापर्यंत डोळे कोरडे ठेवले होते, आता ते ऐकेनात. त्यानं ते पुसलेही नाहीत. तिथं त्याला कुणाची लाज वाटली नाही.

सगळ्यांत शेवटी रावसाहेब एकटा आत गेला. भैरू त्याच्या मागून. रावसाहेब पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं जाळीतून दोन बोटं घालून हापूसच्या कपाळावर फिरवली. "मी काय ठेवत न्हाई," तो म्हणाला. "माझं पयलंच तुझ्याकडं आलंय."

"रावसाहेब," भैरू म्हणाला. "तुझा बैल गेला तवा मी लई बोललो."

"बोललास की. म्हैनाभर."

"चुकलं माझं."

रावसाहेबाची बोटं फिरतच राहिली. मग तो म्हणाला, "हरण्या नाव हुतं त्येचं. तू दहाव्याचं इचारलंस, बारशाचं इचारलंस. नाव काय इचारलं न्हाईस."

भैरू त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. "आता इचारतो," तो म्हणाला. "कसा हुता?"

आणि तो कमी बोलणारा गडी बोलायला लागला. हरण्या आजीच्या हातची भाकरी सोडून कुणाची खायचा नाही, शिंग एक वाकडं होतं, औताला जुंपला की आधी दोन पावलं मागं यायचा आणि मगच पुढं जायचा. रावसाहेब सांगत होता आणि भैरू मध्ये एकही विनोद न करता ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला दुसराच एक आवाज आला. लप, लप, लप. दोघांनी एकदम मान वळवली. हापूसनं ते प्लास्टिकचं नरसाळं कसंबसं वाटीच्या कडेवर टेकवलं होतं आणि जीभ खाली घालून तो पाणी पीत होता.

भैरूनं रावसाहेबाचा हात घट्ट धरला. दोघंही हलले नाहीत. निम्मी वाटी संपली तरी भैरू वाटीवरची नजर काढून डॉक्टर बाईंना बोलवायला उठेना. शेवटी रावसाहेबानंच हाक मारली.

पाणी पोटात टिकलं. दुसऱ्या दिवशी हापूसनं मऊ भात खाल्ला, उज्वलानं डब्यातून ताजा करून आणलेला. चादरीखालच्या नोटांमधून उरलेल्या बिलाचा मोठा भाग फिटला, थोडे पैसे डॉक्टर बाईंनी आपणहून कमी केले, राहिलेले दोन हप्त्यांत द्यायचे ठरले. भैरूची पुढची पाळी रावसाहेबाला लिहून दिली गेली. मार्केटात अर्थात सगळीकडं बोभाटा झाला. ज्या गाळ्यावर भैरू जाईल तिथं कुणीतरी विचारायचं, "वहिनीचं टाकं काढलं का?" भैरू उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि मग नुसताच हसायचा. आपली टर उडाली तरी माणूस मरत नाही, हे त्याला ह्या वयात समजत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायलाही लागलं होतं.

घरी न्यायच्या दिवशी डॉक्टर बाईंनी बजावलं, की टाके काढेपर्यंत हापूसला जिना चढू द्यायचा नाही. रिक्षा वसाहतीत थांबली तशी शेजारपाजारचे गोळा झाले. भैरूनं हापूसला दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि जिना चढायला लागला. पुढं विजयमाला, मागं पिशव्या घेऊन रावसाहेब. पायरी चढायची, थांबायचं, पट्टीला हात लागत नाही ना ते बघायचं, मग पुढची पायरी. कुत्र्यानं हनुवटी त्याच्या दंडावर टाकली होती आणि शेपूट भैरूच्या कमरेवर हळूहळू आपटत होतं.

आयुष्यभर भैरूनं ओझी वाहिली होती. ओझं अंगावर आलं की पोचवायचं, उतरवायचं आणि पुढच्यासाठी वळायचं, हा धंद्याचा नेम. कुठलंही ओझं त्यानं लागेल त्यापेक्षा क्षणभर जास्त धरलं नव्हतं. विजयमालानं कुलूप काढलं, खिडकीखाली गोधडी अंथरली, वाटीत पाणी ठेवलं आणि बाजूला झाली. भैरू घराच्या मधोमध हापूसला घेऊन उभा होता.

"ठेवा की आता खाली," विजयमाला म्हणाली.

"ठेवतो," भैरू म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.